न बांधलेली रिबन

लाल रिबन न बांधताच मी सुलतानला शर्मिलाताईंच्या पार्लरला पाठवलं. आमच्या गावात कुत्र्यांची अंघोळ-कटिंग करणारी चारच दुकानं. एकाला वेळ नसला की गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवायचं आणि कुत्रं चावरं असेल तर पट्ट्याला लाल रिबन बांधायची, असं आमचं ठरलेलं. तोंडावर सांगितलं की मालक चिडतात. सुलतान चार दिवसांपूर्वीच मला चावला होता. पण ताईंनी माझी सहा जुनी गिऱ्हाइकं ओढली होती. म्हटलं, कळू दे एकदा.

तास झाला तरी त्या फोन उचलेनात. कान साफ करताना त्या तोंड अगदी जवळ नेतात. मला माहीत होतं, मी काम त्यांच्याकडेच शिकले. दुकान उघडं टाकून मी पळत सुटले.

आत सुलतान टेबलावर डोळे मिटून पडला होता आणि ताई त्याच्या कानाशी वाकल्या होत्या. "किती गुणी लेकरू आहे गं," त्या म्हणाल्या.

माझी चाहूल लागताच सुलताननं डोळे उघडले आणि तो दात विचकून गुरगुरला. ताईंनी माझ्या मनगटावरचं बँडेज पाहिलं. मग त्याचा मोकळा पट्टा पाहिला.

"रिबन विसरलीस होय," त्या हळूच म्हणाल्या.

मी हो म्हणाले.

त्यांनी कापूस पुन्हा त्याच्या कानाकडे नेला. आता तोंड मात्र त्यांनी लांब धरलं होतं, आणि सुलतान हळूहळू मान त्यांच्याकडे वळवत होता.