अर्धा खण

संकठादेवीच्या प्रसादाचा हिरवा खण अन्नपूर्णाबाईंनी शुक्रवारी उपास सोडण्याआधी मधोमध फाडला. अर्धा सुनेच्या ओटीत घातला, अर्धा गाईच्या शिंगाला बांधला. सुनेच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या होत्या, आणि गाईच्या रक्ताचा रिपोर्टही गाभण असल्याचाच आला होता. "दोघी एकदमच बाळंत व्हायच्या गं!" त्या हसल्या होत्या. आज मात्र गाय सकाळपासून माजावर आल्यासारखी हंबरत होती. गुरांच्या डॉक्टरांनी हात घालून तपासलं. "खाली है, माताजी. पेट में कुछ नहीं." "और वो रिपोर्ट?" "गलत नहीं थी. गर्भ गिर जाए, तब भी उसका प्रोटीन कुछ दिन खून में रहता है." ओठांतला जप थांबला. त्या शिंगावरची गाठ सोडवू लागल्या. तेवढ्यात माडीवरून सुनेचा घाबरा आवाज आला, "आई, जरा वर येता?" त्यांनी गाठीत नखं रुतवली. गाठ सुटेना.