शेजारचा मीटर

"चौदा युनिट! एकट्या माणसाला चौदा युनिट!" तराजूकाकांनी दोन्ही घरांची पाणीबिलं पेंटरच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. "आम्ही दोघं पाचात भागवतो. तुम्ही आंघोळ करता की पोहता?"

"रोज एक बादली," पेंटर म्हणाले. "ताट-वाटी विसळायची आणि आठवड्याला चार कपडे धुवायचे. बाकी कशाला लागणार हो मला पाणी?"

काकांचा उभा जन्म वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला होता. नाव तिथेच चिकटलं आणि संशयही. घरातल्या बादलीवर त्यांनी लिटरच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. ते फिरायला बाहेर पडले की काकू नळ मोकळा सोडून मनसोक्त भांडी घासत, ही गोष्ट वेगळी.

"माणूस काहीही सांगतो," काका म्हणाले. "मीटर खोटं बोलत नाही."

पेंटरचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटारडा. पंचवीस वर्षांच्या शेजारानंतर हे ऐकायचं होतं. ठीक आहे. यापुढे माझं दार वाजवू नका."

काका बाहेर आले आणि मागे कडी लागली. तो रविवार होता.

मंगळवारी पेंटरच्या मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. "काका, बाबा कालपासून फोन उचलत नाहीत."

"फुगून बसलेत. आमची जरा बोलाचाली झाली."

"पण माझ्यावर कशाला रागावतील? तुम्ही एकदा बघता का?"

दार वाजवायची तर बंदी होती. काका सरळ जिन्याखाली गेले. तिथे दोन मीटर होते. गेल्या वर्षी नवे बसवले, तेव्हा कोणता कोणाचा हे कामगारांना काकांनीच सांगितलं होतं: डावं दार पेंटरचं, म्हणून डावा मीटर पेंटरचा. वर घरांचे नंबर पेंटरनीच सुबक रंगवून दिले होते. काकांनी डावा मीटर वाचला, तासाभराने पुन्हा वाचला आणि फोन लावला.

"तासाभरात साठ लिटर! एवढं पाणी ओततायत म्हणजे तब्येत झकास आहे."

पलीकडून ती हसली. आवाजातला ताण सैल झाल्याचं काकांना जाणवलं. "मी सुट्टी टाकून निघणार होते."

"अजिबात नको. मी आहे ना इथे. रोज आकडा कळवत जाईन."

आणि त्यांनी कळवला. बुधवारी साडेचारशे लिटर, गुरुवारी पाचशे. कौतुकाने सांगावं तसं ते सांगत आणि ती निश्चिंत होई.

काकू मात्र धुमसत होत्या. "मी दोनदा दार वाजवलं. भावजी ओ देत नाहीत."

"आधीच कानाने कमी. त्यात राग. सांगितलंय ना त्यांनी, वाजवू नका म्हणून? आपल्यालाही मान आहे की नाही?"

"मान ठेवा गुंडाळून. मला बरं वाटत नाहीये."

"अगं, पाणी चालू आहे त्यांचं! तू आपल्या मीटरचं बघ. तो अडकलाय. आता सरासरी लावून बिल ठोकतील आपल्याला."

मंगळवारपासून आकडा हललेला नाही, अशी काकांनी तक्रार नोंदवली आणि शुक्रवारी सकाळी पाण्याच्या ऑफिसातून दुरुस्तीवाला आला. पिशवीतून पाना काढून तो जिन्याखाली उकिडवा बसला. "काकू, नळ सोडा," त्याने वर पाहून हाक मारली.

वर नळ सुटला. उजवा मीटर जागचा हलला नाही. डावा भराभर फिरू लागला.

"बघा!" काका म्हणाले. "पुन्हा आंघोळ! सकाळपासूनची तिसरी असेल."

 दुरुस्तीवाल्याने डाव्या मीटरची चावी आवळली.

"अहो, पाणी गेलं!" काकू वरून ओरडल्या.

त्याने चावी सैल केली. "आलं!"

"साहेब, डावा तुमचा," दुरुस्तीवाला म्हणाला. "भिंतीच्या आत पाइप एकमेकांवरून गेलेत. तुम्ही वर्षभर शेजाऱ्यांचं बिल भरलं आणि शेजाऱ्यांनी तुमचं."

काकांच्या कानशिलात मारावं तसं झालं. चौदा युनिट त्यांच्या घरचे होते. बादलीवरच्या रेघा, मीटर खोटं बोलत नाही वगैरे सगळं त्यांच्याच अंगावर उलटलं. पेंटर खरं बोलत होते आणि आपण त्यांच्याच घरात उभं राहून त्यांना खोटं ठरवलं. आयुष्यात कुठल्या दुकानदाराची माफी मागितली नव्हती, पण आता मागायची, अगदी दारात हात जोडून मागायची, असं त्यांनी ठरवलं. फरकाची रक्कमही आजच द्यायची. पेंटर आधी चिडतील, मग चहा टाकतील. तेवढ्या विचारानेही काकांना हलकं वाटलं.

"बरं झालं तुम्ही आलात," ते म्हणाले. "आता हा बंद पडलेला तेवढा दुरुस्त करा. शेजाऱ्यांचं आधीच फार नुकसान केलंय मी."

दुरुस्तीवाल्याने उजवा मीटर सोडवून हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या एका टोकातून जोरात फुंकर मारली. आतली चकती भिरभिरली. त्याने तो परत जागेवर बसवला आणि आटे आवळले.

"याला काही झालेलं नाही, साहेब," पाना पिशवीत टाकत तो म्हणाला. "चार दिवसांत त्या घरात कोणी नळच उघडलेला नाही, एवढंच."