मालकाचं 'तू'

जर्मन माणूस 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, की समजायचं, आपण त्याच्या घरचे झालो. एरिट्रियातून निर्वासित म्हणून आलो, तेव्हापासून या बेकरीत पाव भाजतोय, तरी मालक येन्स मला अजून म्हणतो, "हबतोम, तुम्ही जरा भट्टी बघता का?" आणि परवा कामाला लागलेल्या युक्रेनच्या सोलोमियाला पहिल्याच दिवशी, "तू कॉफी घेतलीस का गं?" माझा नुसता जळफळाट झाला.

आज पीठ मळता मळता तीच मुसमुसायला लागली. "हबतोमदादा, मालक मला मोलकरणीसारखं अगंतुगं करतात. तुम्हाला मात्र केवढा मान देतात!"



मी हातावरचं पीठ झटकत म्हणालो, "मान कमवावा लागतो, बाई."