मांडवाचे डहाळे

“ट्रॉली बाजूला घ्या. डहाळे खाली उतरवा,” वैजयंती मॅडम म्हणाल्या.

भूपेंद्रने ट्रॅक्टर बंद केला, पण तो खाली उतरला नाही. ट्रॉलीत आंब्याचे हिरवेगार डहाळे रचले होते. मधोमध मांडवाची मेढ म्हणून तोडलेली मनगटाएवढी जाड फांदी होती. त्याच्या डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू. मांडवाचे डहाळे आणायला निघालेल्या जावयाचा थाट काही औरच असतो, आणि तो थाट असा भर नाक्यावर उतरवला की जावई तापणारच.

“मॅडम, उद्या लगीन आहे बुऱ्हाणपूरले. आज मांडव. जाने दो ना.” ‘मॅडम’ या शब्दावर त्याने मुद्दाम जोर दिला.

“देडतलाईहून लाकूड बाहेर जात नाही. पानसुद्धा नाही.”

नाका बसून दोन महिने झाले होते. बाहेरच्या देशातून आलेला एक खोडभुंगेरा देडतलाईच्या आमराईत सापडला, तेव्हापासून. तो सालीखाली अंडी घालतो, अळ्या आतून झाड पोखरतात आणि बाहेरून कळेपर्यंत झाड वाळून गेलेलं असतं. भुंगेरा काही फार लांब उडत नाही; त्याला गावोगाव फिरवतो तो माणूसच. म्हणून नियम कडक होता. बाधित गावातलं लाकूड, फांदी, रोप नाक्यापुढे न्यायचं नाही. सापडलं तर पंचनामा करायचा, मालकाची सही घ्यायची आणि नाक्यामागच्या खड्ड्यात जाळायचं. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : नवीन बाधित गाव नाही, दिवस एकोणीस.

शिपाई पंडित कालच इथे बदलून आला होता. मॅडमच्या कडकपणाबद्दल जे ऐकलं, त्यात तिळमात्र खोटं नाही, हे त्याला पहिल्याच सकाळी पटलं. बाईंनी चहासुद्धा हातमोजे घालूनच घेतला होता. बारा वाजता त्यांची रजा सुरू होणार होती. दुसरा कोणी असता तर आतापासून घड्याळाकडे बघत बसला असता.

“हे झाड कोणाचं आहे, तुमाले माहीत नाही का?” भूपेंद्रने विचारलं.

“माहीत आहे. देडतलाईचं आहे.”

भूपेंद्रने हात टेकले आणि पंडितकडे मोर्चा वळवला. “तुमीच सांगा भाऊ. माझे सासरे, वामनदादा. धाकटी पोरगी जन्मली, त्या साली त्यांनी हे झाड लावलं. म्हणायचे, हिच्या मांडवाले याचेच डहाळे. आमराईबी तिच्याच नावावर करून गेले. दोन वर्षं झाली दादा जाऊन. मांडवात बाप नाही, तर त्याचं झाड तरी पाहिजे का नाही?”

पंडितला स्वतःच्या मुलीचं लग्न आठवलं. मॅडम मात्र फळ्याकडे पाहत उभ्या होत्या.

“आणि मांडव तुमचाच असला तर?” भूपेंद्र म्हणाला.

“तरी अडवणार.”

त्याने फोन लावून पुढे केला. “घ्या. नवरीच्या आईशीच बोला.”

मॅडमनी फोन कानाला लावला. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. “हो, खाल्लं सकाळी,” मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, “नाही. डहाळे येणार नाहीत.”

खाल्लं का म्हणून विचारते! गोड बोलून काम काढून घ्यायची ही रीत पंडितने पुष्कळ पाहिली होती. तीसुद्धा इथे चालली नाही.

मॅडमनी कोयता मागवला आणि मेढीच्या फांदीची साल सोलली. पहिली वीतभर कोरी निघाली. दुसऱ्या वितीत सालीखाली बारीक वाकडीतिकडी वाट दिसली. वाटेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी होती.

भूपेंद्र आता खाली उतरला. “एवढीशी?”

“एवढीच. मांडव उतरला की डहाळे बुऱ्हाणपूरच्या राजघाटाजवळ नदीकाठी टाकले असते ना? तिथून तापीकाठची एकेक आमराई गेली असती.”

“मंग दादांचं झाड?”

मॅडमनी सोललेल्या फांदीवरून अंगठा फिरवला. “वाचेल,” त्या म्हणाल्या. “आज कळलं म्हणून वाचेल. कीड लागलेल्या फांद्या छाटू, औषध देऊ. पथक आत्ताच पाठवते.”

भूपेंद्रने फेटा काढून घाम पुसला. “आणि मांडव?”

“केळीवर बंदी नाही. वाटेत प्रभाकरभाऊंचा मळा लागतो. घडासकट चार खांब मागा. ते नाही म्हणणार नाहीत.”

“केळीचा मांडव! लोकं हसतील.”

“हसू देत. लग्नघरात हसलेलंच बरं.”

भूपेंद्र आधी स्वतःच हसला. मग एकेक डहाळा उचलून त्याने आपल्याच हाताने खड्ड्यात टाकला. ओली पानं धुमसली, मग पेटली. शेवटचं पान जळेपर्यंत मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे लाल झाले होते. धूरही फार होता.

पंडित पंचनाम्याचा कागद घेऊन आला आणि घुटमळला. “मॅडम, आमराई नवरीच्या नावावर. तिच्या सहीशिवाय कागद पुरा होत नाही. उद्या लग्न, आणि आज तिला नाक्यावर कसं बोलवायचं?”

मॅडमनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत गडद मेंदी रंगली होती. त्यांनी अधिकाऱ्याच्या रकान्यात सही केली, आणि मग मालकाच्या रकान्यातही तीच सही केली.