गोडबोली पट्टी

"मावशी, गळ्यात पट्टी आहे ना? मराठीत बोललं की इंग्रजी बाहेर पडतं. मग इंग्रजीच्या क्लासला कशाला आलात?" परवेज सरांनी विचारलं.

हौसाबाई भडकली. "पट्टी कंपनीची आहे, सर. मेली गोडबोली आहे! कंपनीनं प्रेस मशीनची हात वाचवणारी जाळी काढली, माझी दोन बोटं गेली. मी गोऱ्या साहेबाला म्हटलं, तुला बघून घेईन! तर ही बया काय बोलली? आय विल टेक केअर ऑफ यू! साहेब हसून थँक्यू म्हणाला. आता त्याच मशीनवर माझी सून बसलीय. मला भांडण्यापुरतं इंग्रजी शिकवा, बास!"

वर्ग खो खो हसला, पण वह्या सगळ्यांनी उघडल्या.

जाळी परत बसवा, नाहीतर एकही बाई कामाला हात लावणार नाही. एवढं एकच वाक्य हौसाबाईने पंधरा दिवस इंग्रजीत घोकलं. सोमवारी तिने गळ्यातली पट्टी काढून साहेबाच्या टेबलावर आपटली आणि ओरडली, "पुट द गार्ड बॅक, ऑर नो वुमन विल वर्क!"

साहेब गोड हसला. "थँक्यू. यू आर व्हेरी काइंड."

तिला कळेना, चुकलं कुठं. एवढं ओरडून हा हसतो कसा? मग तिला त्याच्या कानातलं शेंगदाण्याएवढं यंत्र दिसलं. गोडबोली तिथंही बसली होती.

हौसाबाई टेबलावरून वाकली आणि ते यंत्र तिने कानातून उपटलं.

"आता ऐक, मुडद्या," असं म्हणून तिने वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.