पाटणे फाट्यावरचा चहा

रविवारी समुद्रावर जायचं ठरलं आणि येळ्ळूरच्या त्या घरात सगळ्यांनी गोवाच धरला. सून रचना तेवढी वेंगुर्ल्यावर अडून बसली. आठ दिवस ती नवऱ्याच्या मागं लागली, तेव्हा कुठं सासूबाई वैतागून म्हणाल्या, “जाऊंदे रं, ऐक तिचं एकदा.”

मग तिनं हळूच पुढचं काढलं. “मला गाडी लागती. वेंगुर्ल्याच्या वाटेवर पाटणे फाटा लागतो, तिथं चहाला थांबूया.”

“निघून तासाभरात कसला चहा?” नवरा खेकसला. “एवढं लागत असंल तर घरातच थांब तू.”

रचनानं पाय धरायचंच तेवढं बाकी ठेवलं. शेवटी तो म्हणाला, “बरं, पाच मिनिटं.”

लग्नात मानपानावरनं बिनसलं तेव्हापासून तिचं माहेर बंद होतं. पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. दुपारी परसात जाऊन तिनं चोरून फोन लावला.

“आई, रविवारी पहिल्या एस.टी.नं पाटणे फाट्यावर ये. चहाच्या गाड्यापाशी पदर पुढं ओढून बस. हाक मारू नको, जवळ येऊ नको. बाळ माझ्या कडेवर असंल.”



“त्याला लाल टोपडं घाल गं,” आई म्हणाली. “मला आताशा लांबचं दिसत न्हाय.”