तू लाव

"तू लाव," महानंदा सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी बाळ पूनमच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

पूनमला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. जुलाबांनी बाळ पार सुकून गेलं होतं. डोळे खोल, टाळू आत ओढलेली, रडायचंही त्राण नाही. अशा बाळाची सलाईनसाठी शीर सापडणं म्हणजे नशिबाची गोष्ट. सात रस्त्याजवळच्या त्या हॉस्पिटलात ती फक्त महानंदा सिस्टरांनाच सापडायची.

"मी? सिस्टर, डॉक्टरांना बोलवू का?"

"ताबीश सर वर सिझरच्या बाळापाशी अडकल्यात. मंद्रूपहून आणलंय हे. आईला भाईर बसवलंय. बोलत बसू नगं."

पूनमनं ओळखलं. हा सूड होता.

आपली हातोटी सिस्टर कुणाला दाखवत नसत. पूर्वी एका इन्चार्जबाईंना शिकवली, तर त्यांनी ती स्वतःच्या नावावर खपवली. तेव्हापासून त्या पाठ फिरवूनच सुई लावायच्या. डॉ. ताबीश आले आणि त्यांनी सोमवारच्या बैठकीत नवा पायंडा पाडला : कोण कुणाकडून काय शिकलं, ते सगळ्यांदेखत सांगायचं. पूनम उठून म्हणाली होती, "बाळाच्या तळहाताखाली टॉर्च धरला की शीर दिसते, हे मी महानंदा सिस्टरांचं बघून शिकले." टाळ्या झाल्या. सिस्टर मात्र मान खाली घालून निघून गेल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक बाळापाशी त्या पूनमलाच हाक मारत. टॉर्च धरायला लावत. आणि अवाक्षर बोलत नसत.

चोरून बघितल्याचं आज व्याजासकट फेडून घेणार तर. पण त्यासाठी बाळाचा जीव पणाला लावायचा?

"सिस्टर, राग असेल तर मला बोला. बाळावर नको."

सिस्टरांनी टॉर्च पेटवला. "टॉर्च मी धरते. शीर बघ."

पहिली सुई हुकली. बाळ कण्हलं.

"तुम्ही लावा ना! पाया पडते तुमच्या."

"न्हाय." सिस्टरांनी टॉर्च बाळाच्या दुसऱ्या तळहाताखाली सरकवला. "दुसरा हात घे. मनगटापाशी बघ. घाई करू नगं. तुला दिसतंय, मला ठाव हाय."

एवढं त्या तिच्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. पूनमनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं तो इवला हात शेकला, कातडी ताणली, श्वास रोखला. धाग्याएवढी निळी रेघ दिसली. सुई आत गेली आणि नळीत रक्ताचा थेंब उगवला.

सलाईन सुरू झालं. हळूहळू बाळाच्या अंगात धुगधुगी आली आणि त्यानं टाहो फोडला.  मग पूनमचा इतका वेळ दाबलेला संताप उफाळून आला.

"काही बरंवाईट झालं असतं तर, सिस्टर? कुणाच्या तरी पोटचा गोळा आहे तो, एवढा तरी विचार करायचा!"

 टेबलाची कड घट्ट धरून सिस्टर बाळाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात दार ढकलून बाळाची आई आत धावली. पूनमकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती थेट महानंदा सिस्टरांच्या गळ्यात पडली.

"आई, माझ्या लेकीला सुई तूच लावलीस ना गं?"